एकशे चौदाचे नऊ तोडे

“अठरा किलो दोनशे,” मी म्हणाले आणि वहीत लिहिलं.

चांगुणामावशींनी ते कॅरेट काट्यावरून उतरवलं, पदराने कपाळ पुसलं आणि पुढचं चढवलं. ते बरोबर अठरा भरलं. त्याच्या पुढचं अठरा चारशे. कॅरेटला सुतळीने बांधलेली पत्र्याची पाटी बघायची, नंबर वाचायचा, काटा वाचायचा, लिहायचं. चोवीस प्लॉट, चोवीस कॅरेटं टोमॅटो. तासाभरात काम उरकायचं आणि शेडच्या सावलीत मी पुन्हा माझं पुस्तक उघडायचे.

१९९४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमधली ही गोष्ट. मी पंचवीस वर्षांची होते आणि हिवरेमाळच्या भाजीपाला संशोधन केंद्रात वर्षभराच्या करारावर संशोधन सहायक म्हणून लागले होते. माझं घर यवतमाळकडे, वणीला. तिथून हिवरेमाळला पोचायला एक रेल्वे, दोन एस.ट्या आणि शेवटी दूधवाल्याची जीप लागायची. केंद्र म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी बारा एकर जमीन, एक ऑफिस, एक शेड आणि भिंतीला भिंत लागून दोन क्वार्टर्स. एकात मी, दुसऱ्यात डॉक्टर पुंडलिक हिवाळे, म्हणजे आमचे सर. गाव तीन किलोमीटरवर. पाचला मजूर घरी गेले की त्या बारा एकरांत आम्ही दोघंच उरायचो आणि दोघं मिळून दिवसाला वीस वाक्यंही बोलत नसू. सात वाजता पलीकडून रेडिओवरच्या बातम्या ऐकू यायच्या. बातम्या संपल्या की एक कप विसळल्याचा आवाज यायचा, आणि मग काही नाही. कधी कधी मला भिंतीवर टकटक करून “सर, जेवलात का” असं विचारावंसं वाटे. विचारलं मात्र कधी नाही.

सर निवृत्तीला आले होते. मेअखेर शेवटचा दिवस. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं, नातलग कुणी येता-जाताना दिसले नाहीत, आणि गप्पा मारण्याचा त्यांना कंटाळा होता की सवय नव्हती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्याजवळ एकच गोष्ट होती. एकशे चौदा.

एकशे चौदा ही टोमॅटोची एक ओळ. मान्यता मिळेपर्यंत नव्या ओळीला नाव देत नाहीत, नंबरावरच भागवावं लागतं. अकरा वर्षांपूर्वी सरांनी कुठल्याशा पाड्यावरून सुपारीएवढी फळं येणारा एक काटक गावरान टोमॅटो आणला होता आणि मोठ्या फळांच्या एका वाणाशी त्याचा संकर केला होता. त्या संकराच्या दुसऱ्या पिढीत दोन हजार रोपं लावली. “एकाच आईबापाची दोन हजार पोरं आणि एक दुसऱ्यासारखं नाही,” हे सांगताना सरांचा आवाज जरा वर चढायचा, एरवी कधी चढत नसे. त्या दोन हजारांतून चाळीस निवडली, चाळिसांतून सात, आणि दरवर्षी बी धरत धरत शेवटी ही एक उरली. सरांचं म्हणणं, फरक हेच आपलं भांडवल. सगळी रोपं सारखीच असतील तर आपण घरी जावं, निवडायला काही उरत नाही.

मान्यतेचा नियम समजायला सोपा होता. तीन वर्षं लागोपाठ चाचणी घ्यायची आणि तिन्ही वर्षं आपली ओळ प्रचलित वाणापेक्षा किमान पंधरा टक्के जास्त पिकली पाहिजे. पहिल्या वर्षी एकशे चौदा तीस टक्क्यांनी पुढे होती, दुसऱ्या वर्षी अठ्ठावीस. हे तिसरं वर्ष. ते पार पडलं की मे महिन्यात समितीपुढे प्रस्ताव जाणार, सर निवृत्त व्हायच्या आत ओळीला नाव मिळणार. यंदा चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि पुन्हा करायला सर तिथे असणार नव्हते. हे मला माहीत होतं, मजुरांना माहीत होतं, दूधवाल्यालाही माहीत होतं.

चाचणीत आठ ओळी होत्या, प्रत्येकीचे तीन-तीन प्लॉट. आठवड्यातून दोनदा तोडा, म्हणजे पिकलेली फळं काढायची. तोडणी चालू असताना संशोधन सहायकाने प्लॉटात उभं राहायचं, हा सरांचा नियम. दुसरा नियम स्वतःसाठी: चाचणी संपेपर्यंत ते वजनाची वही उघडत नसत. आकडे बघितले की मन एकीकडे ओढतं आणि मग माणूस नकळत आवडत्या प्लॉटला चार बादल्या पाणी जास्त घालतो, असं ते म्हणत.

त्यांनी त्यांचा नियम पाळला. मी माझा पाळला नाही.

आळस होताच, पण नुसता आळस नव्हता. तोडायला दहा बाया यायच्या. कुणाच्या तरी सुनेची कथा रंगात आलेली असायची, हसणं शेडपर्यंत ऐकू यायचं, आणि मी बांधावर जाऊन उभी राहिले की एकदम सगळं बंद. सगळ्या माना खाली घालून भराभर टोमॅटो तोडायला लागायच्या. मी बोलायचा प्रयत्न केला तर माझं ‘करून राहिले, जाऊन राहिले’ ऐकून पदराआड हसायच्या. पहिल्या तोड्याला अशी तीन तास उभी राहिले. तीन तासांत मला एकच प्रश्न विचारला गेला, किती वाजले. कॅरेटं बांधावर यायच्या आतच मी शेडकडे निघून गेले. दुसऱ्या तोड्यापासून मी शेडमध्ये काट्याजवळ बसायला लागले. निदान पुस्तकाला माझी अडचण होत नव्हती.

बायांची मुकादम चांगुणामावशी. त्या त्याच वर्षी नव्याने आलेल्या. आधीची दोन वर्षं ज्या म्हाताऱ्या मुकादमाने तोडणी करून घेतली होती तो गुडघेदुखीने घरी बसला होता. मावशी कामाला वाघीण. सांगावं लागत नसे, मागे लागावं लागत नसे. कॅरेटं कशी नेटकी ओळीने यायची. वजनंही नेटकी. पहिल्या तोड्याला सगळी दहा-अकरा किलोंच्या घरात, पुढे सगळी अठराच्या आसपास. मला वाटलं, चाचणी किती छान चाललीय. एम.एस्सी.ला पहिला वर्ग होता माझा.

सातव्या तोड्याला एका कॅरेटची पाटी कुठेतरी पडली. मावशींना हाक मारली तर त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून मीच चपला घालून प्लॉटाकडे निघाले. बाया पलीकडच्या टोकाला होत्या. अलीकडे बांधावर मावशी एकट्याच दोन कॅरेटांच्या मध्ये बसल्या होत्या आणि एकातले टोमॅटो ओंजळीने दुसऱ्यात टाकत होत्या. अगदी शांतपणे, घरी धान्य निवडावं तशा.

“मावशी, काय करून राहिल्या?”

“सारखं करतीय न्हवं का.” त्यांनी मानही वर केली नाही. “ह्येच्यावर शीग लागलीय आन् त्येचा तळ दिसतोय. आसं आणायचं व्हय तुमच्या म्होरं?”

आजच करताय का, असं मी विचारलं.

“पयल्या तोड्यापासनं,” मावशी अभिमानाने म्हणाल्या. “आठरा वर्सं नारायणगावच्या बाजाराचा माल भरलाय म्या. कमीजास्त भरलेलं कॅरेट माज्या हातनं येक बी गेलं न्हाई. ही मधली वळ लई माल देती बगा, हिच्या कॅरेटात मावतच न्हाई. हिचं काढून शेजारच्यांना घातलं की समदी कशी येका मापात येत्यात.”

मी त्या कॅरेटची पाटी बघितली. एकशे चौदा.

मी तिथेच बांधावर बसले. मग त्यांना समजावून सांगितलं, की हा माल बाजारात जात नाही, कुठली ओळ किती देते हेच तर बघायचंय, कमी-जास्त आहे तेच मोजायचंय. मावशींना पटकन समजलं, माझ्यापेक्षा लवकर समजलं असेल. त्यांनी हातातले टोमॅटो होते त्या कॅरेटमध्ये परत टाकले, आणि मग माझ्याकडे बघून हळू म्हणाल्या, “मला कुनी सांगितलंच न्हाई वो. तुमी प्लॉटात थांबत न्हवता. थांबल्या असत्या तर इचारलं असतं.”

यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशी उरलेले सगळे प्लॉट मी उभं राहून तोडून घेतले. एकशे चौदाचे तीन प्लॉट वीस, एकवीस, एकोणीस भरले. प्रचलित वाण तेरावर होतं. सहा तोड्यांत जो फरक दिसायला हवा होता तो सगळा मावशींनी शेजारीपाजारी वाटून टाकला होता.

पाच वाजता सरांना सांगायचं ठरवून मी त्यांच्या क्वार्टरच्या पायरीशी गेले. ते बाहेर खुर्ची टाकून बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, “आज चेहरा चांगलाच रापलाय, निखाडे मॅडम. प्लॉटात उभ्या होत्या वाटतं. असंच पाहिजे.” इतकं कौतुक त्यांनी माझं आधी कधी केलं नव्हतं. माझ्या मनात सगळं उलटसुलट झालं. सांगितलं तर वर्षाची चाचणी रद्द, त्यांच्या हाताने त्यांनाच रद्द करावी लागणार. आणि कारण काय लिहिणार? सहायक जागेवर नव्हती. माझा करार मेमध्ये संपत होता. अजून दोन तोडे बाकी होते, तेवढ्यात एकशे चौदा भरून काढेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. सरांना म्हणाले, हो, आज फार ऊन होतं. आणि माझ्या खोलीत गेले.

आठव्या आणि नवव्या तोड्यालाही मी उभी होते. नवव्याला बाया माझ्यादेखत बोलायला लागल्या होत्या, एकीने मला भाकरी-ठेचाही दिला. एकशे चौदा दोन्ही वेळा सगळ्यांच्या पुढे होती. पण हंगाम उतरणीला लागला होता, झाडांवर फळच थोडं राहिलं होतं. एप्रिलच्या मध्यात रोपं उपटली, जमीन नांगरली, आणि सरांनी वही मागितली.

दोन दिवस ते ऑफिसात गणकयंत्र घेऊन बसले होते. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं. टेबलावर मोठा कागद, त्यावर त्यांच्या बारीक अक्षरात रांगा. शेवटच्या रांगेखाली रेघ मारून त्यांनी लिहिलं होतं: बारा टक्के. पंधरा हवे होते.

मी त्या बाराकडे बघत होते. सर मात्र वेगळ्याच ठिकाणी बोट ठेवून बसले होते.

“चाचणी मात्र फार नीट झालीय,” ते म्हणाले. “एकाच ओळीचे तीन प्लॉट इतके जवळ जवळ येणं मी तीस वर्षांत पाहिलं नाही. पण मला एक सांगा. सहा तोडे ही ओळ सगळ्यांच्या बरोबरीने चालते आणि सातव्यापासून एकदम पुढे निघते. तुम्ही तिथे उभ्या होतात. सातव्या तोड्यापासून काय झालं?”

अकरा वर्षं ज्याने ती ओळ जपली त्या माणसाने सरळ प्रश्न विचारला होता. उत्तर एका वाक्याचं होतं. मी दुसरंच वाक्य बोलले.

“ऊन वाढलं, सर. बाकीच्या ओळी उन्हाने थांबल्या. ही थांबली नाही.”

सरांनी सातव्या तोड्यापासूनचे आकडे बोट ठेवून पुन्हा वाचले. मग खुर्चीत मागे टेकले आणि हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहत होते. उन्हाळ्यात टोमॅटोची फुलं गळतात, फळ धरत नाही, म्हणून तर मे-जूनमध्ये टोमॅटो मिळत नाही. आणि जगभर लोक उन्हात टिकणारी ओळ शोधतायत, असं ते मला सांगत सुटले, जणू मला ते माहीतच नव्हतं. आपण नुसतं जास्त पीक शोधत होतो, हिने तर दुसरंच देऊन ठेवलंय, बारा टक्के राहू देत बाजूला. शेतात जाऊन झाडं बघायची म्हणाले आणि मग त्यांनाच आठवलं की झाडं उपटून टाकलीत.

मेअखेर ते निवृत्त झाले. प्रस्ताव गेला नाही. वरच्या ऑफिसची परवानगी काढून त्यांनी एकशे चौदाच्या बियांची दोन पाकिटं बरोबर नेली. जाताना माझ्या हातात एक शिफारसपत्र दिलं. त्यात लिहिलं होतं की निखाडे यांच्या कामात कमालीचा काटेकोरपणा आहे आणि तोडणीच्या वेळी त्या स्वतः प्लॉटमध्ये उभ्या राहतात. त्या पत्रावर मला पुण्याला एका बियाणे कंपनीत नोकरी लागली.

सर जालन्याजवळ त्यांच्या मूळ गावी राहायला गेले. तिथून वर्षाला दोन-तीन पत्रं यायची. ‘चि. हेमलता’ अशी सुरुवात. केंद्रात ते मला कधी नावाने हाक मारत नसत. पत्रात दुसरं काहीच नसायचं. पहिल्या उन्हाळ्यात चाळीस रोपं लावली, फुलं गळाली, बहुधा माझं पाणी चुकलं. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी बदललं, फुलं गळाली. तिसऱ्यात लागवडीची तारीख अलीकडे घेतली. चौथ्यात पलीकडे. दरवेळी शेवटी हेच, की ओळीत गुण आहे, तू डोळ्यांनी पाहिला आहेस, माझ्या हातालाच तो काढता येत नाही. मी उत्तरं पाठवायचे. तब्येतीला जपा, सर. दिवाळीला भेटकार्ड. आमच्या कंपनीत माझी बढती झाली, माझ्या हाताखाली सहा माणसं आली, तोडणीच्या वेळी जागेवर नसलेल्या एका मुलाला मी खूप बोलले. इकडे नवी संकरित वाणं बाजारात आली, रोगाला दाद न देणारी, आणि एकशे चौदाचे तीस टक्के त्यांच्यापुढे काहीच राहिले नाहीत.

२००० सालच्या मार्चमध्ये पत्र आलं. आदल्या वर्षीच्या मेमध्ये भर दुपारी फुलं मोजताना त्यांना ऊन लागलं होतं, तीन दिवस जालन्याला दवाखान्यात होते, हे त्यांनी आत्ता, एका ओळीत लिहिलं होतं. यंदा शेजाऱ्याची अर्धा एकर जमीन घेतली आहे, तिथेच छप्पर घालून दोन महिने मुक्काम करतो, म्हणजे नजरेतून काही सुटणार नाही. तुला सातव्या, आठव्या, नवव्या तोड्याबद्दल आणखी काही आठवत असेल तर कळव.

मी येतेय असं कळवलं आणि एका रविवारी गेले.

सरांनी दाढी केली होती. सदऱ्याला इस्त्री. अंगण झाडून पाणी शिंपडलेलं आणि दोन खुर्च्या, त्यातली एक शेजारून आणलेली, कारण तिच्या पाठीवर दुसऱ्या कुणाचं तरी नाव रंगवलेलं होतं. एक बाई कुंपणावरून डोकावून विचारून गेल्या, “याच का तुमच्या म्याडम? चार दिवस झाले सांगायलेत सर.” सर ओशाळले. मी बघितलं, ते पुष्कळ वाळले होते. बशीत बिस्किटं मांडताना त्यांनी ती तीनदा सारखी केली.

चहा त्यांनीच केला. प्रवासाचं विचारलं, वणीला आई कशी आहे विचारलं. मला आई आहे हे त्यांच्या लक्षात असेल असं मला वाटलं नव्हतं. मग पाच वर्षांच्या पाच वह्या आणून माझ्यापुढे ठेवल्या. प्रत्येक पानावर तारीख, दुपारचं तापमान, किती फुलं उमलली, किती गळाली. तेच ते बारीक अक्षर, शेवटच्या वहीत जरा थरथरलेलं. हजारो फुलं एकट्याने मोजलेली. मी तिसरी वही मिटली आणि म्हणाले, “सर, ती ओळ उन्हात टिकणारी नाही.”

मी सगळं सांगितलं. मावशी कॅरेटं कशी सारखी करायच्या, मी शेडमध्ये कशी बसायचे, सातव्या तोड्याला पाटी कशी पडली. ऊन वाढलं हे मी त्या क्षणी तोंडाला आलं म्हणून बोलले, हेही सांगितलं. सांगताना मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. खरं सांगायचं तर मला हलकं वाटत होतं.

सरांनी आधी पैदासकाराचेच प्रश्न विचारले. कुठल्या ओळीतून कुठल्यात जायचं? सहाही तोडे? मी म्हणाले, जास्तीवाल्यातून कमीवाल्यात, सहाही.

“म्हणजे एकशे चौदामधूनच जायचं.”

“हो, सर.”

“म्हणजे ती पहिल्यापासून पुढेच होती.” त्यांनी मनातल्या मनात काही हिशेब केला, ओठ हलले. “तिसऱ्या वर्षीही तिसाच्या आसपास गेली असणार.”

“गेली असणार, सर.”

त्यांचा चेहरा क्षणभर खुलला. मी घाईने म्हणाले की आमच्या कंपनीत मी तिची पुन्हा चाचणी लावते, जागा आहे, माणसं आहेत. त्यांनी हाताने नको म्हटलं. आता तिच्यापेक्षा चांगली वाणं आली आहेत, ते वाचतात, त्यांना माहीत आहे. आता तिला कोण नाव देणार. मग मी म्हणाले की निदान या उन्हात त्या अर्ध्या एकरात जाऊन राहू नका, तेवढं सांगायलाच मी आले. ते म्हणाले, आता कशाला जातोय, जायचं कारणच राहिलं नाही. दोन महिने कसे काढायचे ते बघावं लागेल.

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी त्यांना तसं म्हणालेही, की मला बोला, सर, काहीतरी बोला. सरांनी पाचही वह्या एकावर एक रचल्या, कडा नीट जुळवल्या आणि मांडीवर घेऊन बसले. कुंपणापलीकडून ती बाई आम्हा दोघांसाठी जेवायला काय करू म्हणून विचारत होती.

“हे पत्रातही लिहिता आलं असतं, हेमलता,” ते म्हणाले. “मला वाटलं, तू भेटायला आलीस.”

माझ्या पर्समध्ये दुपारी तीनच्या गाडीचं परतीचं तिकीट होतं. मी घड्याळाकडे बघितलं नाही, पण मी बघितलं नाही हे त्यांनी बघितलं.